अदृश्य फाइल

संगणकाच्या साठवण माध्यमात जशीच्या तशी अस्तित्वात असलेली, परंतु फायलींची यादी दाखविणाऱ्या आज्ञावलीने यादीतून वगळलेली फाइल. फोल्डरच्या बाबतीतही हीच संज्ञा लागू पडते. फाइल अदृश्य केल्याने तिच्यातील मजकुरात, आकारमानात किंवा तिने व्यापलेल्या जागेत कोणताही फरक पडत नाही. ती पुसली जात नाही व तिला कुलूपही लागत नाही. तिच्यावर फक्त एक खूण केली जाते आणि ती खूण आढळल्यास यादी करणाऱ्या आज्ञावलीने ती नोंद गाळावी, असा संकेत असतो. संकेत न पाळणाऱ्या आज्ञावलीला ती फाइल इतर फायलींप्रमाणेच दिसते.

ही खूण करण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली, आय्‌बीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर १९८१ मध्ये आलेल्या डॉस या परिचालन प्रणालीतील होय. या प्रणालीत तबकडीवरील प्रत्येक फाइलीसाठी निर्देशिकेत ३२ बाइटांची एक नोंद असते. पहिल्या ११ बाइटांत फाइलीचे नाव (८ अक्षरे) व प्रकारदर्शक प्रत्यय (३ अक्षरे) येतात. १२ वा बाइट गुणधर्मांसाठी राखलेला असतो. या बाइटातील निरनिराळ्या द्विमान अंकांना स्वतंत्र अर्थ आहेत : १ या किंमतीचा अंक ‘केवळ वाचनीय’, २ चा ‘अदृश्य’, ४ चा ‘प्रणालीची फाइल’ असे दर्शवितो. फाइल अदृश्य करणे म्हणजे यांपैकी दुसऱ्या अंकाच्या जागी शून्याऐवजी एक लिहिणे, इतकेच. याउलट फाइल पुसताना तिच्या नावाचा पहिला बाइट बदलला जातो व तिने व्यापलेली जागा नव्या मजकुरासाठी मोकळी समजली जाते. संगणक सुरू होण्यास आवश्यक अशा दोन फायली डॉसमध्ये प्रथमपासून अदृश्य ठेवलेल्या असत. हाच गुणधर्म पुढे विंडोज प्रणालीत आणि तिच्या एनटीएफएस या फाइल रचनेतही कायम राहिला.

दुसरी पद्धत युनिक्स प्रणालीतील असून तिचा उगम काहीसा गमतीदार आहे. युनिक्सच्या प्रत्येक निर्देशिकेत स्वतःचा निर्देश करणारी ‘एक टिंब’ आणि वरच्या निर्देशिकेचा निर्देश करणारी ‘दोन टिंबे’ अशा दोन नोंदी असतात. यादीत त्या येऊ नयेत म्हणून ‘एलएस’ या आज्ञावलीत नावाचे पहिले अक्षर टिंब आहे काय एवढेच तपासले गेले. पूर्ण नाव तपासले गेले नाही. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल यादीतून गळू लागली. युनिक्सच्या विकासात सहभागी असलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये हा वृत्तांत सांगून ही मुळातील चूक असल्याचे म्हटले. तथापि वैयक्तिक मांडणीच्या असंख्य फायली याच पद्धतीने ठेवण्याचा प्रघात पडला व तो लिनक्स आणि मॅक ओएस या प्रणालींत उतरला. येथे खूण नावातच असल्याने फाइल उघड करण्यासाठी तिचे नाव बदलावे लागते.

अदृश्य फायली पाहणे आणि त्या उघड करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. व्यवहारात त्यांची नेहमी गल्लत होते. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’ या सूचीतील ‘शो’ आणि त्याखालील ‘हिडन आयटम्स’ निवडल्यास, लिनक्समध्ये ‘एलएस’ला ‘-ए’ हा पर्याय जोडल्यास किंवा मॅकवर कमांड, शिफ्ट व टिंब या कळा एकत्र दाबल्यास पाहणाऱ्याची यादी बदलते. फाइलीवरील खूण तशीच राहते. विंडोजमध्ये ती खूण काढण्यासाठी फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘हिडन’ हा चौकोन मोकळा करावा लागतो.

हा भेद ठाऊक नसल्याने पुष्कळांचे नुकसान झालेले आहे. हातोहात फिरणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये काही उपद्रवी आज्ञावल्या (व्हायरस) शिरतात, मूळ फोल्डर अदृश्य करतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट त्या जागी ठेवतात. त्यावर टिचकी मारताच उपद्रवी आज्ञावली चालू होते. काही वेळा शॉर्टकटही दिसत नाही; पेन ड्राइव्ह रिकामा वाटतो, मात्र व्यापलेली जागा पूर्वीइतकीच दाखविली जाते. ही विसंगती हीच फायली शाबूत असल्याची खूण होय. अशा वेळी पेन ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट केल्यास हाती असलेले घालविल्यासारखे होते. फायलींवर ‘अदृश्य’ व ‘प्रणालीची फाइल’ अशा दोन्ही खुणा असल्यास ‘हिडन’चा चौकोन निष्क्रिय दिसतो, मग ‘ॲट्रिब’ या आज्ञेला ‘-एच’ व ‘-एस’ असे दोन्ही पर्याय देऊन खुणा एकदम काढाव्या लागतात. संगणक व पेन ड्राइव्ह यांतून व्हायरस आधी काढला नाही, तर फायली पुन्हा अदृश्य होतात. मे २००० मध्ये फिलिपीन्समधून जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या आज्ञावलीने हे दोन्ही प्रकार एकाच वेळी केले : छायाचित्रांच्या जेपीजी फायलींवर तिने स्वतःची प्रत लिहिली, त्यामुळे त्या नष्ट झाल्या, संगीताच्या एमपी३ फायली मात्र तिने केवळ अदृश्य केल्या होत्या व त्या परत दिसू शकल्या.

गोपनीयतेसाठी या पद्धतीचा उपयोग नाही. घरातील लहान मुलाच्या हातून फाइल पुसली जाऊ नये, एवढ्यापुरती ती ठीक आहे. बँकेची कागदपत्रे किंवा खाजगी छायाचित्रे यांसाठी कूटबद्धीकरणच करावे लागते. त्यात मूळ मजकूरच सांकेतिक रूपात बदलतो आणि परवलीच्या शब्दावाचून तो वाचता येत नाही.

गुणधर्माच्या खुणेवर अवलंबून नसलेले गोपन याहून वेगळे व अधिक घातक असते. त्यात परिचालन प्रणालीने दिलेले उत्तरच मध्ये अडवून त्यातून काही नावे काढून टाकली जातात, म्हणून अदृश्य फायली दाखविण्याचा पर्याय निवडूनही काही दिसत नाही. अशा आज्ञावलीला रूटकिट म्हणतात. सोनी बीएमजी या कंपनीच्या काही संगीत-तबकड्यांतील प्रतिबंधक आज्ञावली ‘सिस’ या अक्षरांच्या दोहों बाजूंस डॉलरचिन्ह असलेल्या उपसर्गाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अशा रीतीने लपवीत असल्याचे मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी उघड केले. तोच उपसर्ग लावून इतर उपद्रवी आज्ञावल्याही त्या आडोशाला लपू लागल्या आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीला तबकड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.