ओटीपी कोणाला सांगावा?

पुणे–सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या दरम्यान असलेल्या माढा तालुक्यातील मोडनिंबसारख्या गावात ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा सर्वाधिक प्रचलित सल्ला शब्दशः पाळणे जवळजवळ अशक्य झाले आहे. ओटीपी, म्हणजे मोबाईलवर येणारा आणि एकदाच वापरता येणारा संकेतांक, हा पीएम किसानच्या ई-केवायसीला लागतो, शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीला लागतो, आणि लाडकी बहीण योजनेच्या सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या पडताळणीत तर लाभार्थी स्त्रीचा आणि तिच्या पतीचा किंवा वडिलांचा असे दोन लागले. ही कामे अनेक कुटुंबे सेवा केंद्राच्या चालकाकडून करून घेतात आणि त्याला आकडा सांगितल्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. आधारला जोडलेला क्रमांक पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असेल, तर तो मुलगा फोनवरून आकडा कळवतो, घरचे माणूस तो चालकाला सांगते आणि अशा रीतीने फोनवर ओटीपी सांगणे ही घराघरांत रुळलेली, बहुतांशी निरुपद्रवी कृती ठरते.

भामटे याच सवयीवर विसंबतात. म्हणून सरसकट मनाईपेक्षा ‘हे काम सुरू कोणी केले’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. अर्जदार स्वतः केंद्रात गेला असेल आणि समोर अर्ज उघडलेला असेल तेव्हा आलेला आकडा आणि अनोळखी माणसाने फोन करून ‘आता एक मेसेज येईल, तो वाचून दाखवा’ असे म्हटल्यावर आलेला आकडा यांत मूलभूत भेद आहे. तो आकडा कशासाठी आहे हे संदेशात बहुधा लिहिलेले असते, परंतु मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असल्याने केवळ आकडा वाचला जातो आणि नेमका इशारा वगळला जातो. यूपीआय पिनची गोष्ट याहून सोपी आहे: पिन खात्यातून पैसे बाहेर पाठवण्यासाठी असतो, पैसे मिळवण्यासाठी तो कधीही टाकावा लागत नाही, म्हणून ‘परतावा जमा करायचा आहे, पिन टाका’ हे वाक्य ऐकताच खोटे मानावे.

अशा फसव्या संभाषणाची रचना पाहिली तर बोलणाऱ्याचा सारा भर फोन चालू ठेवण्यावर असतो, कारण फोन बंद होताच ऐकणारा शेजाऱ्याला किंवा मुलाला विचारतो. याचेच टोकाचे रूप असलेली ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस वा सीबीआयचे रूप घेऊन माणसाला तासन्‌तास अडकवून ठेवणे. अशा अटकेला भारतीय कायद्यात कोणताही आधार नाही. तरीही ‘साहेबां’चा फोन मध्येच तोडणे उद्धटपणाचे वाटते, आणि हा संकोच तांत्रिक अज्ञानापेक्षा महाग पडतो असे म्हणावेसे वाटते. योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल, म्हणजे अधिकृत दुकानाबाहेरून ॲप बसवणारी फाईल, हा याच डावाचा मुका प्रकार होय; ती उघडून मागितलेल्या परवानग्या दिल्यास येणारे संदेश परस्पर वाचले जाऊ शकतात आणि मग ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही.

पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा क्रमांक लावायचा असतो. तेथे बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, विचारला जातो. तक्रार संबंधित बँकेकडे जाते, पैसे त्या खात्यात असतील तर रोखले जातात आणि पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेकडे तीच तक्रार धाडली जाते. रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत वाटली जात असल्याने पाणी पुढच्या चारीला लागल्यावर मागचे दार पाडून उपयोग नसतो, आणि पोरांना काय सांगावे या विचारात काढलेली रात्र बहुधा सगळी रक्कम घेऊन जाते. रोखलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. त्यासाठी पुष्कळदा न्यायालयाचा आदेश मिळवावा लागतो.

बँकेला स्वतंत्रपणे कळवणेही तितकेच निकडीचे आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकांनी, ग्राहकाने स्वतः गुप्त संकेतांक सांगितल्यामुळे तोटा झाला तरी बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या अनधिकृत व्यवहारांचा भार बँकेवर टाकला. त्यामुळे जिल्हा सहकारी बँकेच्या शाखेत दिलेल्या अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्क्यासोबत तारीख आणि वेळही लिहून घ्यावी लागते.