चित्राबाहेरच्या रेषांची साक्ष

अँटेनाच्या जमान्यात टीव्हीवर कधी कधी निवेदिका दोनदा दिसे: एक ठसठशीत आणि तिच्या किंचित उजवीकडे दुसरी, फिकट. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून लांबच्या वाटेने आलेल्या लहरींची ही करामत. ती वाट किती लांबची, हे चक्क फूटपट्टीने काढता येई. ६२५ रेषांच्या पद्धतीत एक रेष डावीकडून उजवीकडे उमटायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागत. पडदा ४० सेंटीमीटर रुंद असेल, तर एक सेंटीमीटर म्हणजे १.३ मायक्रोसेकंद. तेवढ्यात रेडिओलहर सुमारे ३९० मीटर जाते. प्रतिमा दोन सेंटीमीटर सरकली, की लहरींना पाऊण किलोमीटरहून जास्त वळसा पडला म्हणून समजावे.

अभियंत्यांना मात्र कार्यक्रम न थांबवता बारीकसारीक बिघाडही मोजायचे होते. ६२५ पैकी जवळपास ५० रेषा चित्रासाठी वापरल्या जात नसत. तेवढ्या अवधीत इलेक्ट्रॉनांचा झोत तळातून पुन्हा वर जाई. त्यांपैकी १७, १८, ३३० आणि ३३१ क्रमांकांच्या रेषांवर चाचणीचे संकेत बसवायची आंतरराष्ट्रीय पद्धत पडली. चित्र वर-खाली पळू लागले, की मधल्या काळ्या पट्ट्यात पांढरे तुकडे चमकत. त्यांत हे संकेतही असत.

त्यांतला माझा सर्वांत आवडता म्हणजे ‘टू-टी पल्स’: अर्ध्या उंचीवर २०० नॅनोसेकंद रुंद असलेला गुळगुळीत उंचवटा. मूळ आकार ठाऊक असल्याने पलीकडच्या टोकाला उंची घटली किंवा पायथ्याशी तरंग उठले, तर दोष वाटेतलाच. पण कोणता तरंग किती वाईट? ब्रिटिश पोस्ट ऑफिसमधले अभियंते एन. डब्ल्यू. लुइस यांनी १९५४ साली यासाठी ‘के’ हे माप मांडले. मुख्य उंचवट्याला खेटून आलेला तरंग डोळ्याला फारसा खुपत नाही, दूरचा खुपतो. म्हणून २०० नॅनोसेकंदांवरच्या तरंगाला जेवढी सूट, तिच्या फक्त एक चतुर्थांश ८०० नॅनोसेकंदांवर. विजेच्या मोजमापात प्रेक्षकाच्या डोळ्याला दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

रंग आले आणि काम वाढले. रंगाची छटा सबकॅरिअर लहरीच्या कलेत, म्हणजे फेजमध्ये, दडलेली असते. चित्राच्या उजेडाबरोबर ही कला सरकली, तर अमेरिकी एनटीएससी पद्धतीत उजेडातला चेहरा एका छटेचा आणि सावलीतला दुसऱ्याच छटेचा दिसे. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वॉल्टर ब्रूख यांनी ‘पाल’ पद्धतीत रंगाचा एक घटक दर रेषेला उलटा केला. त्यामुळे लागोपाठच्या दोन रेषांतल्या चुका एकमेकींना छेदतात. छटा टिकते, रंग किंचित फिका पडतो. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते याच पद्धतीने. उजेडानुसार सबकॅरिअरची उंचीच बदलली, तर मात्र ‘पाल’चाही इलाज चालत नसे. तो दोष पकडायला ३३० क्रमांकाच्या रेषेवर सबकॅरिअर चढवलेल्या पाच पायऱ्यांचा जिना असे. वरच्या पायरीवरची लहर खालच्या पायरीवरच्या लहरीपेक्षा किती टक्क्यांनी खुजी, हे वेव्हफॉर्म मॉनिटरवर वाचले जाई.