सूर्य मावळताना ‘डार्क स्टार’
(लेखमाला : मैफल लांबते तेव्हा – लेखांक ५)

मैफलीचं तिकीट दह्याच्या डब्याच्या लेबलवर छापलं होतं. किंमत तीन डॉलर. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या स्प्रिंगफील्ड क्रीमरी या छोट्या दुग्धालयाला पैशांची चणचण होती. मालक चक कीझी हे ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ लिहिणाऱ्या केन कीझी यांचे भाऊ. त्यांनी ‘ग्रेटफुल डेड’ या बँडला गळ घातली आणि बँडने होकार दिला. २७ ऑगस्ट १९७२, रविवार. व्हेनीटा गावाजवळचं जत्रेचं मैदान. पारा अडतीस अंशांच्या वर गेलेला, पाण्याची टंचाई, आणि वीस हजारांच्या आसपास माणसं. रंगमंच असा बांधला गेला होता की दुपारचं ऊन थेट वादकांच्या तोंडावर यावं. गिटारच्या तारा उन्हानं सारख्या उतरत होत्या. दोन गाण्यांच्या मध्ये सूर जुळवण्यातच वेळ जात होता.

तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला सूर्य खाली आला आणि बासवर ती ओळखीची छोटी सुरावट वाजली. पुढची एकतीस मिनिटं जे वाजलं, ते ‘डेड’च्या रसिकांना आज तारखेवरूनही ओळखता येतं. या रसिकांना ‘डेडहेड’ म्हणतात. बँडच्या हजारो मैफलींपैकी आवडत्या मैफलींच्या तारखा त्यांना तोंडपाठ असतात. ‘डार्क स्टार’ कोणता, हा प्रश्न त्यांच्यात नेहमी तारखेनिशीच विचारला जातो.

गंमत अशी की ‘डार्क स्टार’ १९६८ साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा ते तीन मिनिटांचंही नव्हतं. ती तबकडी खपली नाही. रंगमंचावर मात्र हेच गाणं वाढत गेलं, कारण त्याच्यात मुळातच फार कमी सामान होतं. रॉबर्ट हंटर यांनी लिहिलेली दोन कडवी, एक सुरुवातीची सुरावट आणि खाली झुलत राहणाऱ्या दोन कॉर्ड. सूर पाहिले तर आपल्याकडच्या खमाज थाटाचे : सगळे शुद्ध, निषाद तेवढा कोमल. पहिली काही मिनिटं मराठी कानाला म्हणूनच परकी वाटत नाहीत. पण थाट सारखा म्हणजे राग सारखा नव्हे. इथे चलन ठरलेलं नाही, वादी-संवादी नाहीत. आणि खरी अडचण पुढे आहे. ख्याल ऐकणारा माणूस कितीही गुंतागुंतीच्या तानेत समेची वाट पाहत असतो. ‘डार्क स्टार’ ऐकताना तो तशीच वाट पाहतो, आणि सम येतच नाही.

मागच्या लेखांकात जॉन कोल्ट्रेन यांची वाट पाहिली : कॉर्डची मालिका सोडून एकाच स्वरसमूहात दीर्घकाळ राहायचं. ‘डेड’च्या वादकांनी कोल्ट्रेन मन लावून ऐकले होते. पण लांब वाजवण्याची सवय त्यांना लागली ती १९६५-६६ मधल्या केन कीझी यांच्या ‘ॲसिड टेस्ट’ नावाच्या जलशांमध्ये. तिथे लोक बँडसाठी येत नसत, बँड हा त्या रात्रीचा एक भाग असे. वाटलं तर पाच मिनिटं वाजवा, वाटलं तर तास-दीड तास. गाणं संपवण्याची घाई कोणालाच नव्हती.

वादकांची घडणही निरनिराळी. जेरी गार्सिया बँजो आणि ब्लूग्रासमधून आलेले. म्हणून त्यांच्या गिटारवर प्रत्येक स्वर सुटा, टोकदार वाजतो. लहानपणी लाकूड फोडताना उजव्या हाताचं मधलं बोट तुटलं होतं, त्या हातानं ते वाजवत. फिल लेश हे मूळचे ट्रम्पेटवादक. मिल्स कॉलेजमध्ये लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराकडे ते शिकले होते आणि बँडमध्ये येईपर्यंत बास गिटार त्यांनी वाजवलीच नव्हती. त्यामुळे बासने पाया धरून बसायचं, हा नियम त्यांच्या अंगवळणी पडलाच नाही. गार्सिया वर चढले की लेश त्यांच्या मागे जात नाहीत; ते दुसरीकडूनच वर येतात. बॉब वीअर कॉर्ड सरळ झोडत नाहीत, मोकळ्या जागेत तिचे तुकडे पेरतात. थोडक्यात, मैफलीत सगळेच संगत करतात आणि संगतकार असा कोणीच नसतो.

व्हेनीटाच्या वादनाचा मोठेपणा इथेच शोधावा लागतो. मिकी हार्ट दीड वर्षापूर्वी बँड सोडून गेले होते. त्यामुळे ड्रम्सवर एकटे बिल क्रॉइट्झमन. दोन ड्रमवादक असताना लय भरदार असे, पण वळायला जड. एकटे क्रॉइट्झमन चिमणीसारखे वळतात : लेश यांनी अर्धवट टाकलेला विचार झांजेवर उचलतात, नको वाटला तर तिथेच सोडतात. पियानोवर कीथ गॉडशॉ, जेमतेम दहा-अकरा महिन्यांपूर्वी बँडमध्ये आलेले. सुरुवातीच्या लांब भागात ते गार्सियांच्या वाक्यांना उत्तर देत नाहीत, त्यांच्या शेजारून चालतात. कडवं येईपर्यंतचा हा पट्टा इतका निवांत आहे की दिवसभराचा उकाडा उतरल्याचा भास होतो.

कडवं एकदाच गायलं जातं. मग एकेक वाद्य मागे सरतं आणि बास-ड्रम्सचं बोलणं सुरू होतं. पुष्कळ बँडच्या मैफलीत अशा वेळी श्रोते पाणी प्यायला उठतात. इथे उठू नये. लेश एक वाक्य मांडतात, ते मोडतात, त्याच तुकड्यांचं दुसरं वाक्य करतात, आणि गिटार परत येते तेव्हा मूळचा खमाजी सूर कुठेच उरलेला नसतो. पुढे गार्सिया वा-वा पेडलवर स्वर अक्षरशः फाडतात. नाद एकमेकांवर आदळतात, लय विरते. रसिक याला वितळणं म्हणतात, आणि शब्द बरोबर आहे.

आणि त्या राखेतून वीअर ‘एल पासो’ काढतात! मार्टी रॉबिन्स यांचं काउबॉयचं गाणं, तीन मात्रांच्या डोलत्या चालीतलं. काही जाणकारांना ही उडी रसभंग वाटते. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण पटत नाही. अर्धा तास ज्याचा आधार काढून घेतला, त्या कानाला साधी चाल, साधी गोष्ट आणि ओळखीचा ठेका मिळतो, तेव्हा रोज ऐकलेलं गाणंही नवं वाटतं. दुसरं कडवं म्हणून वर्तुळ पूर्ण केलं असतं, तर हा धक्का गेला असता.

तुलना करायची तर २७ फेब्रुवारी १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर वेस्टच्या वादनाशी करावी. ‘लाइव्ह/डेड’ या तबकडीवर तेच आहे : तेवीस मिनिटं, दोन ड्रमवादक, टॉम कॉन्स्टँटन यांचा ऑर्गन, दोन्ही कडवी जागच्या जागी. घाट पाहिला तर ते जास्त सुबक. नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी. व्हेनीटा त्याच्यापेक्षा विस्कळीत आहे आणि तरीही अधिक धाडसी, कारण तिथे वादक हरवण्याची भीती लपवत नाहीत, सुटलेला धागा पकडायला धावत नाहीत. केवळ लांबीचा प्रश्न असेल, तर त्याच वर्षी ११ मे रोजी रॉटरडॅमला ‘डार्क स्टार’ सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटं चाललं. त्यातले काही पट्टे अप्रतिम आहेत. पण मधे वादक नुसते थांबून वाट पाहत असल्यासारखे वाटतात. व्हेनीटामध्ये असं एकही मिनिट नाही.

मिकी हार्ट यांच्यावरून एक धागा थेट मुंबईला पोचतो. १९६७ मध्ये त्यांची उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी भेट झाली, आणि तालाकडे पाहण्याची बँडची नजर बदलली. ‘लाइव्ह/डेड’वरच अकरा मात्रांचं ‘द इलेव्हन’ आहे. पुढे माहीममध्ये वाढलेल्या झाकीर हुसेन यांच्यासोबत हार्ट यांनी ‘दिगा ऱ्हिदम बँड’ची १९७६ ची तबकडी केली. तिच्यात गार्सियांची गिटारही आहे.

व्हेनीटाची मैफल कॅमेऱ्यांनी टिपली होती, पण ‘सनशाइन डेड्रीम’ हा चित्रपट आणि त्याचं ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाजारात यायला २०१३ उजाडलं. तोवरची एकेचाळीस वर्षं ती मैफल जिवंत ठेवली ती टेप्सनी. डेडहेड मंडळी एकमेकांना कॅसेट उतरवून देत. त्या विकायच्या नाहीत हा संकेत कसोशीने पाळला जाई. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. दर खेपेला खरखर थोडी वाढायची, पण बास-ड्रम्सचं ते बोलणं खरखरीतूनही ऐकू यायचं.

(पुढील लेखांक : ३१ जुलै २०१३, लेक टाहो. ‘फिश’ या बँडचा सुमारे सदतीस मिनिटांचा ‘ट्वीझर’.)