नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातली पहिली धार

मुलूख आणि त्याची दारू यांचे नाते जगाने ओळखावे म्हणून अर्जेंटिनाच्या मेंडोझा प्रांताने फार काही केले आहे. अँडीजच्या पायथ्याशी वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे बर्फाचे पाणी पाटांनी फिरवून द्राक्षमळे उभे राहिले आणि मूळच्या फ्रेंच माल्बेक द्राक्षाने तिथेच नाव कमावले. मेंडोझा शहर वसले १५६१ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी इकडे जबलपूरजवळ राणी दुर्गावती रणात पडली. तिच्या गढा-मंडला राज्याच्या मुलखालाही स्वतःची दारू आहे, मोहाची. पण सरकारदरबारी तिची विक्री वर्षानुवर्षे गुन्ह्यांच्या नोंदीतच राहिली.

मुलूख

अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा दिंडोरी आणि मंडल्याच्या डोंगराळ भागातून वळणे घेत जबलपूरला येते आणि भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून वाट काढते. वरच्या भागात लाव्हाचा काळा खडक आहे. दिंडोरीतल्या घुघुआला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म सापडतात. इथे पाऊस मेंडोझाच्या कितीतरी पट, हजार मिलिमीटरच्या वर, आणि तोही चार महिन्यांत. साल, साग, तेंदू आणि मोह यांना तो मानवतो. मोह हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरतो. शेतासाठी रान साफ करतानाही गोंड शेतकरी मोहावर कुऱ्हाड चालवत नाही.

राज्ये आणि मराठे

जबलपूरजवळचे तेवर म्हणजे जुनी त्रिपुरी, कलचुरींची राजधानी. पुढे गढ्याला गोंड राजे आले. संग्रामशहाच्या ५२ गढांची ख्याती आजही इथे सांगितली जाते. त्याची सून दुर्गावती २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना कामी आली.

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण हे राज्य अखेर बुडवले ते आपल्याच लोकांनी. १७४२ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी शेवटच्या गोंड राजाला गादीवरून काढले. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. १८ सप्टेंबर १८५७ रोजी या राजघराण्यातले शंकरशहा आणि त्यांचा मुलगा रघुनाथशहा यांना जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले गेले.

फूल आणि भट्टी

मार्च-एप्रिलमध्ये, झाडावर पाने जवळजवळ नसताना, मोह फुलतो. पिवळसर, मांसल पाकळ्या पहाटे टपटप गळतात. अंधार असतानाच बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळल्यावर फुले मनुकांसारखी तपकिरी आणि चिकट होतात. त्यांत साखर भरपूर असते.

सुकी फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. द्राक्षाची वाइन या टप्प्यावरच तयार होते. मोहाला पुढे भट्टीही लागते. आंबवण भांड्यात घालून खाली लाकडाचा जाळ लावतात आणि वर थंड पाण्याचे भांडे ठेवतात. वाफ गार होऊन थेंब मध्ये ठेवलेल्या भांड्यात जमतात किंवा बांबूच्या नळीतून बाहेर पडतात. वरचे पाणी कोमट झाले की बदलायचे, जाळ भडकू द्यायचा नाही. सगळे कसब यातच. पहिल्या धारेची कडक, पुढची सौम्य होत जाते. पिण्याआधी चार थेंब जमिनीवर, देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने. जन्म, लग्न, मरण, कोणताच विधी तिच्याविना पुरा होत नाही.

कायदा

१९१५ च्या अबकारी कायद्याच्या चौकटीत आदिवासींना घरापुरती दारू गाळण्याची मुभा होती, विक्रीची नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंडल्यातल्या सभेत मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याची घोषणा झाली. मग अलीराजपूर आणि दिंडोरी इथल्या आदिवासी बचत गटांमार्फत ती बाटलीबंद करण्याचे काम सुरू झाले. अलीराजपूरच्या दारूचे नाव 'मोहुलो'.

मला हे पाऊल योग्य वाटते. दारूने घरे मोडतात, हे खरेच. गडचिरोली हाही गोंडांचाच मुलूख, आणि तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यासाठी लढलेल्या बायकांचे दुःख कोणी खोटे म्हणू नये. पण मंडल्याच्या गावातल्या दारूची विक्री बेकायदा ठरवून मळीच्या दारूचे गुत्ते त्याच गावांत उघडले गेले, यात न्याय कसला? आता परवाना बचत गटांच्याच हाती राहिला पाहिजे. मोठ्या कारखानदाराला तो मिळाला, तर पहाटे फुले वेचणारी बाई पुन्हा सुक्या फुलांच्या किलोमागच्या भावावर येऊन थांबेल, आणि बाटलीचा नफा खोऱ्याबाहेर जाईल.