संगणकावरील नकाशा आणि स्तरांची पारदर्शकता

इमारतीचा, रस्त्याचा अथवा पाणीपुरवठा योजनेचा नकाशा हा वस्तुतः एक नकाशा नसून एकावर एक ठेवलेल्या अनेक नकाशांचा संच असतो. जमिनीची मोजणी, अस्तित्वात असलेले बांधकाम, नियोजित बांधकाम, जलवाहिन्या, विजेच्या तारा हे सर्व एकाच चौकटीत दाखवावयाचे असते. सर्व भाग सारख्याच ठळकपणे काढले तर रेषांचे जंजाळ होते. काही भाग वगळले तर नकाशा अपुरा राहतो. यातून मार्ग एकच, तो म्हणजे ज्या कामासाठी नकाशा काढला तो भाग ठळक ठेवावा आणि संदर्भासाठी लागणारा भाग फिका, परंतु दिसेल असा ठेवावा. संगणकावरील आरेखनात हे कार्य 'पारदर्शकता' या गुणधर्माने साधते. त्याचा उपयोग कसा करावा आणि कोठे करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

पूर्वपीठिका

ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. आरेखक पूर्वी खालून दिवा लावलेल्या काचेच्या मेजावर ट्रेसिंग कागद एकावर एक ठेवीत असत. खालचा नकाशा वरच्या कागदातून अंधुक दिसे आणि त्याच्या आधाराने नवे काम रेखाटले जाई. इयान मॅकहार्ग या नियोजनतज्ज्ञांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या 'डिझाइन विथ नेचर' या ग्रंथात याच तत्त्वाचा व्यापक उपयोग दाखविला आहे. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील एका रस्त्याच्या आखणीसाठी त्यांनी उतार, जंगल, वस्ती इत्यादी बाबींचे निरनिराळे पारदर्शक नकाशे तयार केले. जेथे हानी अधिक तेथे छटा गडद ठेवली. सर्व नकाशे एकत्र ठेवल्यावर जो पट्टा सर्वांत फिका दिसला, तो रस्त्यास अधिक योग्य ठरला.

ऑटोकॅड ही आरेखन-प्रणाली १९८२ साली बाजारात आली. तिच्यात कागदांची जागा 'लेयर' म्हणजे स्तरांनी घेतली. तथापि दीर्घकाळ स्तर एक तर दाखविता येई, नाही तर लपविता येई. स्तराला पारदर्शकता देण्याची सोय २०११ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून उपलब्ध झाली.

आकड्यांचा अर्थ

ऑटोकॅडमध्ये पारदर्शकता ० ते ९० या आकड्यांत दिली जाते. शून्य म्हणजे पूर्ण ठळक. आकडा ९० च्या पुढे नेता येत नाही. त्यामुळे या मार्गाने वस्तू सर्वस्वी अदृश्य होत नाही. पारदर्शकता ७० ठेवली असता त्या जागी वस्तूचा स्वतःचा रंग ३० टक्के व पाठीमागील रंग ७० टक्के असे मिश्रण दिसते. म्हणून पांढऱ्या कागदावरील काळी रेषा करडी होते. उलट, काळ्या पडद्यावर तीच पारदर्शकता रेषेला काळोखाकडे नेते. आरेखक काळ्या पडद्यावर काम करीत असेल, तर पडद्यावर जे दिसते ते कागदावर तसेच दिसेल असे त्याने गृहीत धरू नये.

छायांकित भाग एकमेकांवर आले की परिणाम साठत जातो. ५० पारदर्शकतेच्या एका छायेतून खालचा नकाशा निम्मा दिसतो; तशा दोन छायांतून तो चतुर्थांश व तीन छायांतून केवळ अष्टमांश उरतो. यास्तव खोल्या, भूखंड इत्यादींच्या भरीव छायेला अधिक पारदर्शकता द्यावी आणि बारीक रेषांना कमी.

भूमापनाच्या नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या क्यूजीआयएस प्रणालीच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्यांत हीच बाब उलट्या मापाने, म्हणजे अपारदर्शकतेच्या टक्क्यांत दिली जाते. तेथे १०० म्हणजे पूर्ण ठळक. एका प्रणालीतील '३०' दुसरीत तसाच लिहिल्यास ठळक भाग फिका होईल. तसेच क्यूजीआयएसमध्ये यादीत वर असलेला स्तर सर्वसाधारणपणे वर दिसतो. ऑटोकॅडमध्ये स्तरांच्या यादीतील क्रमाचा असा परिणाम होत नाही. तेथे वस्तूंचा पुढे-मागे क्रम वेगळ्या आज्ञेने ठरवावा लागतो.

पडदा आणि कागद

ऑटोकॅडमध्ये फिकेपणाचे तीन प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात, मात्र छापताना निराळे वागतात. जोडलेला बाह्य नकाशा फिका दिसतो, तो केवळ पडद्यापुरता. कुलूपबंद स्तर फिका दिसतो, तोही पडद्यापुरताच. हे दोन्ही कागदावर पूर्ण ठळक उमटतात. स्तराला दिलेली पारदर्शकता कागदावर उतरू शकते. परंतु त्यासाठी छपाईच्या चौकटीत 'प्लॉट ट्रान्स्परन्सी' हा पर्याय निवडावा लागतो. छपाई मंदावू नये म्हणून तो मूलतः बंद ठेवलेला असतो. परिणामी छायेखालील भाग पडद्यावर स्पष्ट दिसतो आणि कागदावर भरीव रंगाखाली झाकला जातो.

कोणती बाब फिकी करू नये

एका जुन्या शाळा-इमारतीच्या दुरुस्तीचे उदाहरण घेऊ. चिऱ्यांच्या जुन्या भिंती फिक्या व नव्या भिंती ठळक दाखविल्या आहेत. नकाशा काढणाऱ्याच्या मनात फिकी म्हणजे 'आहे तशी ठेवावयाची' असे असते. कामावरील मुकादम मात्र तिचा अर्थ 'काढून टाकावयाची' असा घेऊ शकतो. ती भिंत छपराचा भार वाहत असेल, तर या गैरसमजाची किंमत कामगाराच्या जिवाने मोजावी लागेल. जमिनीखालील विजेच्या तारेचेही तसेच आहे. मूळ छापील प्रतीत ती फिकी परंतु दिसणारी असते. कामाच्या जागी पोहोचते ती बहुधा त्या प्रतीची काळी-पांढरी झेरॉक्स. तीत करडी रेषा नाहीशी झाली, तर खोदणाऱ्याला तेथे तार असल्याचे नकाशावरून कळत नाही.

यावरून पुढील पथ्ये पाळणे इष्ट होईल.

१. पारदर्शकतेने केवळ महत्त्वाचा क्रम दाखवावा. 'ठेवणे', 'पाडणे', 'नवे' हा भेद रेषेच्या प्रकाराने व लिखित शब्दांनी दाखवावा आणि खुणांच्या सूचीत नोंदवावा.

२. भारवाही भिंती, विजेच्या तारा, मुख्य जलवाहिन्या व हद्दीच्या रेषा कोणत्याही प्रतीत फिक्या करू नयेत.

३. एकाच स्तराला निरनिराळ्या पत्रकांत निरनिराळे महत्त्व असल्यास त्या त्या दृश्य-चौकटीपुरती पारदर्शकता बदलावी. मूळ स्तराला हात लावू नये.

४. नकाशा मंजुरीस पाठविण्यापूर्वी तो कागदावर छापून घ्यावा, त्या कागदाची काळी-पांढरी प्रत काढावी आणि ती प्रत नकाशा न काढलेल्या सहकाऱ्याकडून वाचवून घ्यावी.

यांपैकी शेवटचे पथ्य सर्वांत सोपे व सर्वांत उपयुक्त आहे. नकाशाची अखेरची परीक्षा कामाच्या जागी, धुळीने माखलेल्या हातांत होत असते. तेथे जी रेषा वाचता येत नाही, ती काढलीच नव्हती असे समजून आरेखकाने आपले काम तपासावे.