लाल नर, निळा नर

टांझानियातल्या म्वान्झा शहरालगत व्हिक्टोरिया सरोवराचं एक लांबट आखात जमिनीत शिरलंय. तिथल्या खडकांभोवती घुटमळणाऱ्या बोटभर माशांना कोळी सरसकट ‘फुरू’ म्हणतात. अभ्यासकांच्या मते सरोवरातल्या या फुरूंत सुमारे पाचशे जाती आहेत किंवा होत्या. कूळ सिक्लिडचं, आपल्या उजनीतला चिलापीही त्यातलाच.

या पाचशेंतली एक जोडी माझ्या मते सगळ्यांत विलक्षण. पुंडामिलिया पुंडामिलियाचा नर निळसर करडा, तर पुंडामिलिया नायरेरीचा नर पाठीवर लालभडक. दोघांच्या माद्या मात्र मळकट पिवळ्या, तज्ज्ञालाही चकवतील अशा. अंगाचा घाट तोच, खडकही तेच.

एकच गरज असलेल्या दोन जाती एका जागी टिकत नाहीत, हे मॉस्कोच्या गाउझेने 1934मध्ये पॅरामिशियमवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं. मग हे दोघे कसे टिकले? थोडी वाटणी आहे. निळा उथळात राहून खडकावरच्या अळ्या टिपतो, लाल जरा खोलात प्लवक खातो. पण सीमा धूसर आहे आणि दोन जातींच्या संकराची पिल्लं धडधाकट निपजतात, त्यांनाही पिल्लं होतात. म्हणजे वेगळेपण टिकतं ते मुख्यतः मादीच्या निवडीवर.

या निवडीचा प्रयोग ओले झेहाउसेन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात टाकीत केला. मादीसमोर दोन्ही जातींचे नर ठेवले. पांढऱ्या उजेडात तिने आपल्याच जातीचा नर निवडला. मग दिवा असा लावला की लाल-निळा फरकच दिसू नये. तिची पसंती पार ढेपाळली. ती आंधळी झाली नव्हती, नरही पूर्वीइतकेच फुलारत होते. गेला होता तो फक्त रंग.

रंगाचा धागा डोळ्यापर्यंत जातो. या पाण्यात खाली जावं तसा निळा प्रकाश आधी गाळला जातो, उरतो तांबूस. खोलात राहणाऱ्या लाल माशाच्या डोळ्यातलं रंगद्रव्य तांबड्याकडे झुकलेलं आहे, हे 2008मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. नरांच्या भांडणांचाही वाटा आहे. नर आपल्याच रंगाच्या प्रतिस्पर्ध्यावर जास्त धावून जातो, वेगळ्या रंगाचा शेजारी त्याला चालतो. भाऊबंदकी पाण्यातही आहेच.

मग पाणी गढुळलं. विसाव्या शतकात काठची जंगलं तुटली, शेती वाढली, माती आणि खतं सरोवरात उतरली, शेवाळ माजलं. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजतात. आखाताच्या बाहेर माकोबे बेटापाशी ती दोन मीटरांहून खाली जाते. आत लुआन्सोपाशी जेमतेम अर्धा मीटर. माकोबेत दोन जाती स्पष्ट वेगळ्या. लुआन्सोत लाल-निळ्यांच्या अधलेमधले नर असलेली एकच मिसळ.

सरोवरातल्या संहाराचा दोष सहसा नाइल पर्चवर येतो. पन्नासच्या दशकात सोडलेल्या या दांडग्या माशाने ऐंशीच्या दशकात फुरूंचा फडशा पाडला, हे खरंच आहे. पण पर्चने गिळलेल्या जातीची निदान नोंद तरी होते. लुआन्सोत मासे भरपूर, पिल्लं ठणठणीत, जाळंही रिकामं येत नाही; कमी झाली ती जात.

इथे सरळसोट शोकगीत लिहावं, तर जनुकं आडवी येतात. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडं पडलं होतं. आजची विविधता त्यानंतरची. 2017मध्ये जोआना मायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फुरूंच्या या गोतावळ्याच्या मुळाशीच दोन दूरच्या वंशांचा संकर आहे. त्या मिसळीतूनच रंग ओळखणाऱ्या डोळ्याचे वेगवेगळे वाण मिळाले. तेव्हा संकर वाईट असं सरसकट म्हणता येत नाही. मात्र त्या मिसळीला पुढे नवं सरोवर आणि रिकाम्या जागा मिळाल्या होत्या, हे विसरून ‘निसर्ग सावरून घेईल’ म्हणणं मला सोयीचं वाटतं, खरं नाही.

याच गटाने आखातातल्या पायथन बेटाजवळचे मासे तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट हाती लागली. तिथली लाल-निळी जोडी माकोबेच्या जोडीची थेट प्रत नव्हती. दोन जाती पूर्वी तिथे मिसळल्या होत्या आणि त्या मिसळीतून पुन्हा लाल आणि निळा असे वेगळे झाले होते. पायथनपाशी तबकडी साधारण मीटरभर खाली दिसते, लुआन्सोच्या दुप्पट.