साथ आवरायला किती हात लागले?

साथीच्या रोगाशी कोण लढतो? कोणीही म्हणेल, डॉक्टर. ते खरेच आहे. पण एका हाताने टाळी वाजत नाही. साथ आवरायला पुष्कळ हात लागतात.

२०२० साली करोनाची साथ आली. महाराष्ट्रातले पहिले रोगी ९ मार्चला पुण्यात सापडले. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. एस. टी. बंद, शाळा बंद, आठवडी बाजार बंद. तरी काही माणसे रोज कामावर जातच होती. ती कोण, ते पाहू या.

आधी दवाखान्यात जाऊ. डॉक्टर रोगी तपासतात, औषध ठरवतात. ते औषध वेळेवर देणे, ऑक्सिजन लावणे, रात्रभर लक्ष ठेवणे हे काम नर्सबाईंचे. नाकातला नमुना तपासणारे वेगळे. रोग्याला आणणारा गाडीचा ड्रायव्हर, उचलून खाटेवर ठेवणारा वॉर्डबॉय, त्याचे अंग पुसणारी आया. रोग्याचे कपडे आणि कचरा उचलणारे सफाई कामगार. यांतला एक जण जरी घरी बसला, तरी दवाखाना अडतो.

आता गावात या. सपाट मुलखात सुमारे ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. तिथले डॉक्टर एवढ्या लोकांच्या दारी कसे जाणार? दारोदार गेल्या त्या आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई. आशा योजना २००५ साली सुरू झाली. साधारण १,००० वस्तीला एक आशा असते, आणि ती त्याच गावातली असते. मुंबई-पुण्याहून कोण आले, कोणाला ताप आहे, हे त्यांनी विचारून लिहून घेतले. बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन पाहिला. करोनात काहींचा ऑक्सिजन नकळत कमी व्हायचा. वेळीच कळले, तर रोगी वेळीच दवाखान्यात जाई. असे असूनही काही लोकांनी त्यांना दारातूनच परत लावले!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकारी डॉक्टरांना पगार असतो. आशाताईला पगार नाही. सरकार तिला स्वयंसेविका मानते. केलेल्या कामाप्रमाणे तिला मोबदला मिळतो, तोही थोडा. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला, तेव्हा तो काहीसा वाढला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सुमारे १० लाख आशांचा गौरव केला. गौरव झाला, ते बरेच झाले. पण गौरवाने चूल पेटत नाही.

जगात आरोग्याचे आणि सेवेचे काम करणाऱ्या १०० जणांत सुमारे ७० स्त्रिया आहेत. म्हणजे साथीचा मोठा भार बायाबापड्यांनीच उचलला.

तेव्हा आशाताई दारी आली, तर तिला बसायला सांगा. खरी माहिती द्या, दुखणे लपवू नका. तिने वहीत काय लिहिले, ते स्वतः वाचून पाहा. आता तुम्हाला वाचता येते. आणि तिचा मोबदला वेळेवर मिळतो का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा.